मोठीआईचं माप

काम नसलं की गवंडी स्वतःच्याच घराच्या मागे लागतो. पावसाळा कोरडा गेला होता, तळ्याच्या मधोमध जनावरं चरत होती. प्यायच्या पाण्यासाठी जिथे रांगा लागत होत्या, तिथे सिमेंट कालवायला पाणी कोण देणार? दोन महिने गावातलं एकही बांधकाम हललं नव्हतं. ओळंबा आपल्या न्हाणीची भिंत तिसऱ्यांदा घासत बसला होता. "अजून घासलीत तर पलीकडचं दिसायला लागेल," बायको म्हणाली. तो घासत राहिला.

ओळंबा हे काही त्याचं नाव नव्हे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन टांगून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. याला ते नाव पडलं ते बोलण्यामुळे. कुणी "किती वाजले?" विचारलं तर साडेदहा म्हणून मोकळा होणार नाही, दहा अठ्ठावीस म्हणेल. पाळकसाहेब एकदा उपदेशात म्हणाले, "त्या दिवशी इथे शेकडो लोक जमले होते." हा बाहेर पडताना त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "एकशे बारा होते, साहेब." लोक हसायचे. पण हे वेड त्याला जन्मापासून नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी लागलं, आणि का लागलं ते चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी चर्चच्या आवाराला भिंत घालायचं काम निघालं. तेव्हा तो आणि आज ज्याला सगळे मुकादम म्हणतात तो, असे दोघे भागीदार होते. लहानपणापासूनचे दोस्त. ओळंब्याची आई लवकर गेली होती, त्यामुळे तो वाढला तो मुकादमाच्या घरी, मुकादमाच्या आईच्या हातचं खाऊन. तिला सगळं गाव मोठीआई म्हणायचं. पायाचा चर खणताना ओळंबा म्हणाला, "अजून हातभर खाली जाऊ, इथली माती पोकळ आहे." मुकादमाला पुढच्या कामाची घाई होती. तो म्हणाला, "एवढं पुरतंय." त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली. मोठीआई त्या वेळी दोघांचा डबा घेऊन चराच्या कडेला उभी होती. "आधी जेवा, मग भांडा," असंही म्हणाली. शेवटी मुकादमाचंच झालं. पुढच्या पावसात साठ फूट भिंत आडवी झाली. नशिबाने खाली कोणी नव्हतं.

मग सभा बसली. मुकादम उभा राहिला आणि म्हणाला, पायाची खोली याने ठरवली होती. ओळंबा उठून म्हणाला, मी खोल जाऊ म्हणत होतो. "खोटं बोलतोय हा," मुकादम म्हणाला. सगळ्या मंडळीसमोर, पंचांसमोर. ओळंब्याने मोठीआईकडे बघितलं. ती पुढच्या बाकावर बसली होती. तिने मान खाली घातली आणि सभा उठेपर्यंत वर केली नाही.

भिंत दोघांनी पुन्हा बांधून दिली, अर्धी अर्धी, वेगवेगळ्या दिवशी येऊन. त्यानंतर ओळंबा त्या घराची पायरी चढला नाही. मुकादमाशी बोलणं बंद झालं त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. माणूस अडचणीत सापडला की काहीही बोलून जातो. त्याच्या मनात रुतून बसली ती मोठीआईची खाली गेलेली मान. उपासनेला तो दर रविवारी जायचा, गीतं म्हणायचा, प्रार्थनेला डोळे मिटायचा. डोळे मिटले की ती मान दिसायची.

त्या सकाळी न्हाणीची भिंत घासता घासता त्याला चर्चची घंटा ऐकू आली. एक ठोका, मग थांबून दुसरा. कुणीतरी गेलं होतं. बायको पाण्याच्या रांगेतून रिकामा हंडा घेऊनच परत आली.

"मोठीआई गेल्या," ती म्हणाली. "पहाटे. झोपेतच."

त्याचा हात थांबला. मग पुन्हा भिंतीवर फिरू लागला.

"ऐकलंत का?"

"ऐकलं."

"यादीत आता आपली पाळी आहे. आपली आणि दूधवाल्याची."

या मंडळीत कबर खणायला पगारी माणूस नव्हता. घरांची यादी चर्चच्या दारामागे लावलेली असायची, आणि कुणी गेलं की पाळीने दोन घरांतले पुरुष कुदळ-पहार घेऊन निघायचे. ज्याच्या घरी दुःख त्याने खणायचं नाही, एवढा एकच अपवाद. ओळंब्याने आजवर अकरा कबरी खणल्या होत्या, आणि त्याच्यासारखी कड कुणाला काढता येत नाही असं सगळे म्हणायचे.

"कुणाशी तरी बदलून घ्या," बायको हळूच म्हणाली. "सांगा पाठीत लचक भरलीय."

"भरलेली नाही."

"ते मलाही माहीत आहे."

"पाळी म्हणजे पाळी," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला. पाण्याचा अर्धाच तांब्या वापरला.

बायकोने कोपऱ्यातली कुदळ आणि पहार काढून दिली. मग माप घ्यायची काठीही दिली आणि क्षणभर तशीच उभी राहिली. तिला काय म्हणायचं होतं ते त्याला कळत होतं. खणणाऱ्यांत जो वयाने मोठा, त्याने आधी गेलेल्या माणसाच्या घरी जायचं अशी रीत होती. सुतार त्याच घराच्या अंगणात पेटी बनवायचा. पेटीच्या लांबीची खूण काठीवर करून घ्यायची, घरच्यांजवळ थोडा वेळ बसायचं, पाळकसाहेब प्रार्थना करायचे, आणि मगच कबरीच्या जागी जाऊन कुदळ मारायची. दूधवाला त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता.

"तिथे गेलात की दोन शब्द बोला," बायको म्हणाली. "जास्त नको. दोनच."

तो गेला, हे खरं आहे. वळणापर्यंत गेला. तिथून मुकादमाचं घर दिसत होतं. अंगणात रंधा फिरत होता, सुतारकाकांच्या पायांशी भुसा साचला होता. ओसरीवर बायका बसल्या होत्या. मुकादम पायरीवर बसला होता, अंगात कालचाच सदरा, पायात काही नाही. केस केवढे पांढरे झाले होते त्याचे! ओळंबा काठी धरून उभा राहिला. ओसरीवरच्या एका बाईने त्याला पाहिलं आणि शेजारणीला कोपर मारलं. शेजारीण बघू लागली, मग तिसरी. सगळ्या वाट बघत होत्या, हा येतो की नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण म्हणजे काय खेळ आहोत का यांचा? तो वळला आणि पाठीमागच्या वाटेने थेट कबरस्तानात गेला.

दूधवाला आधीच आला होता आणि झाडाखाली बसून पहारीचं टोक दगडावर घासत होता. "माप घेऊन आलात ना, दादा?"

"मोठीआईचं माप मला माहीत आहे," ओळंबा म्हणाला.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिच्या हातचं खाऊन तो मोठा झाला होता. दर रविवारी ती चर्चच्या दारातून आत येताना तो तिला बघायचा. काठीवर वाकलेली, सुनेच्या खांद्याएवढी, वाळून कोळ झालेली म्हातारी. फार तर पाच फूट. तिला साजेशी पेटी, आणि पेटीला मोकळी जागा धरून साडेपाच फूट कबर. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, काठीने जमिनीवर चौकोन आखला, चारही कोपरे काटकोनात बसवले आणि पहिली कुदळ मारली.

कुदळ टणकन उडाली. वरची वीतभर जमीन भाजल्या विटेसारखी झाली होती. दोघांनी पाळीपाळीने पहार घातली. पहारीचा दणका मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून दातांत जायचा. ढेकूळ निघायचं ते मुठीएवढं. तासाभरात दोघांचे सदरे उतरले. दूधवाला बोलका माणूस, त्याला गप्प बसवत नव्हतं.

"मोठीआई म्हणजे माणूस होतं हो," तो म्हणाला. "मला पोरपणी गोवर झाला तेव्हा पंधरा दिवस माझ्या उशाशी बसून होती. तुम्ही तर तिच्या घरचेच होतात."

"पहार दे इकडे," ओळंबा म्हणाला.

"म्हणजे असं, की आज तुमच्या हातून हे होतंय ते बरंच झालं."

"पहार दे म्हटलं ना."

कमरेपर्यंत गेल्यावर मुरूम लागला आणि काम जरा सुटलं. दुपारी बायको डबा आणि पाणी घेऊन आली. ओळंबा वर चढून आला. हातांना फोड आले होते, दोन फुटले होते, म्हणून तिने त्याच्या हातात डबा न देता झाकणात वाढून समोर ठेवलं. मग कबरीच्या कडेला जाऊन वाकून बघितलं.

"लहान नाही का वाटत?"

"मोठीआई केवढीशी होती!"

"पण काकांनी पेटी..." ती बोलता बोलता थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्ही गेला होतात ना?"

"गेलो होतो," तो म्हणाला. वळणापर्यंत, हे म्हणाला नाही.

डबा बांधताना तिने झाकण दोनदा पडू दिलं, एरवी तिच्या हातून कधी चमचा पडत नाही.

तीन वाजता कबर झाली. तळ झाडून घेतल्यासारखा साफ, कडा उभ्या सरळ. खोली ओळंब्याने काठीने चारही कोपऱ्यांत मोजली. पाच फूट म्हणजे पाच फूट, एक बोट कमी नाही. दूधवाला म्हणाला, "आत झोपावंसं वाटतंय बघा, एवढी थंड आहे." ओळंब्याला बरं वाटलं. ज्या बाईने त्याच्यासाठी तोंड उघडलं नव्हतं तिच्यासाठी त्याने हाताची सालटं काढून घेतली होती, आणि आता कुणी त्याला बोल लावू शकणार नव्हतं. असं त्याने स्वतःला सांगितलं.

साडेचारला मंडळी आली. पुढे पाळकसाहेब, मागे सहा जणांच्या खांद्यावर पेटी, पेटीपाशी मुकादम. पेटी वळणावरून आत आली तेव्हाच ओळंब्याने नजरेने ती मोजली. ती लांब होती. खांदेकऱ्यांच्या पुढच्या जोडीत आणि मागच्या जोडीत जेवढं अंतर होतं, तेवढं असायलाच नको होतं.

वाचन झालं, प्रार्थना झाली. दोर लावले. पेटी कबरीवर आली, डोक्याकडची बाजू खाली गेली, आणि पायाकडचा भाग काठावर टेकून राहिला. चौघांनी ती उचलून सरकवली. आता डोक्याकडची बाजू अडकली. एका दोराला हिसका बसला, पेटी तिरकी झाली, आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मुकादमाची बायको ओरडली, "अहो सांभाळा! आईंना लागेल!"

लागेल म्हणे. कुणी हसलं नाही. पेटी परत वर घेतली आणि उकरलेल्या मातीवर दोन फळ्या टाकून ठेवली. सगळे एकमेकांकडे बघू लागले. अशा वेळी लोकांना कुणीतरी सापडावंच लागतं, आणि सापडले ते सुतारकाका. सत्तरीचा गरीब माणूस, कुणी मोठ्याने बोललं तरी स्वतःचंच चुकलं असेल असं समजणारा.

"काका, पेटी एवढी लांब कशाला केलीत?" पंचांपैकी एक जण म्हणाला. "मोठीआई काय एवढी उंच होती?"

"मी... मी माप घेतलं होतं," सुतारकाका चाचरत म्हणाले. "झोपवल्यावर पाठ सरळ झाली हो तिची. उभी असायची तेव्हा वाकलेली. पण बाई उंच होती. मूळची उंचच होती ती."

"तरी पण जरा बघायचं ना! आता काय फळ्या कापणार?"

"वयामुळे होतं," दुसरा कुणी म्हणाला. "आता काकांना हे काम देऊच नये."

काका हातातली टोपी चुरगळत उभे राहिले. दूधवाला ओळंब्याच्या कानाशी लागला. "तुम्ही गप्प राहा, दादा. काका सोशिक आहेत, उद्या विसरतील. आपण थोडं खणून घेऊ, कुणाला काही कळत नाही."

उंच होती. ओळंब्याला आता आठवलं. दारात उभी राहिली की तिचं डोकं चौकटीला टेकायचं. तो आणि मुकादम फळीवरचा डबा काढायला एकमेकांच्या खांद्यावर चढायचे, आणि ती मागून येऊन नुसता हात वर करून डबा काढून द्यायची. हे आपण विसरलो कसे? नऊ वर्षं तिला लांबून, चर्चच्या दारात तेवढीच बघितली, आणि तेवढीच समजत राहिलो.

सगळ्यांच्या नजरा सुतारकाकांवर होत्या, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. गप्प राहायला काहीसुद्धा करावं लागत नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं, फक्त खाली मातीकडे बघत उभं राहायचं होतं. आणि त्याच्या लक्षात आलं की तो खरंच मातीकडे बघतोय, मान खाली गेलीये, आणि ती वर उचलत नाहीये. जबडा दगडासारखा झाला होता. असंच झालं असेल तिचं, त्याला वाटलं. त्या दिवशी बाकावर, पोटच्या पोराकडे बघून, असंच अगदी. नऊ वर्षं त्याला वाटत होतं की तिने ठरवून त्याला बुडवलं. ठरवायला काही लागतच नाही. त्याला तिचं फार वाईट वाटलं.

"माप मी घेतलं नाही," तो म्हणाला. "काकांची पेटी बरोबर आहे. कबर चुकलीय. मी घरी माप घ्यायला गेलोच नाही. वळणावरून परत आलो. अंदाजाने खणली."

दूधवाल्याने तोंडावरून हात फिरवला. गवंडी माणूस, आणि त्याने माप घेतलं नव्हतं; आणि का घेतलं नव्हतं हे तिथल्या लहान पोरालाही कळत होतं. कुणीतरी मागे पुटपुटलं, "मेलेल्या बाईशीसुद्धा..." ओळंब्याने ते ऐकून घेतलं. ते काही खोटं नव्हतं.

"मोठीआईशी मी असं वागायला नको होतं," तो म्हणाला. मग मुकादमाकडे बघायचं धाडस केलं. "तुझ्याशीही."

मुकादम त्याच्याकडे बघत उभा होता. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मग त्याने अंगातला कोट काढून बायकोच्या हातात दिला, बाह्या वर सारल्या आणि काठावर हात टेकून कबरीत उतरला.

"अरे, तू नको," पाळकसाहेब पुढे झाले. "दुःखाच्या घरच्याने खणायचं नसतं."

"आई माझी आहे, साहेब," मुकादम खालून म्हणाला. "पहार द्या कुणीतरी." आणि ओळंब्याला म्हणाला, "वर काय उभा आहेस? ये की."

ओळंबा उतरला. आत दोघांना जेमतेम जागा होती. पाठीला पाठ घासत होती. पाळकसाहेबांनी वर गीत सुरू केलं, बायकांनी उचललं, आणि मंडळी मातीच्या ढिगाभोवती बसली. मुकादमाने पायाकडच्या भिंतीत पहार घातली. मुरूम सुटला की ओळंबा फावड्याने ओढून घमेलं भरायचा आणि वर द्यायचा, दूधवाला रिकामं करून खाली टाकायचा. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. मुकादमाचा दम लागला की तो पहार उजवीकडे झुकवायचा, आणि ओळंब्याला न बघता कळायचं की आता आपण घ्यायची. नऊ वर्षांत दोघांनी एक वीटही एकत्र लावली नव्हती, पण हात काही विसरले नव्हते. ओळंब्याच्या फोडांतून रक्त येऊन पहारीला लागलं. मुकादमाने ते पाहिलं, खिशातला रुमाल काढला, दातांनी फाडला आणि अर्धा अर्धा त्याच्या दोन्ही तळव्यांना गुंडाळला.

गीत संपलं, दुसरं लागलं. मग तिसरं. मुकादम थोडा थांबला. घाम पुसता पुसता त्याने वर काठाकडे बघितलं आणि पायाखालच्या तळाकडे बघितलं.

"खोली बरोबर घेतलीस," तो म्हणाला.

"मोजून घेतलीय."

मुकादमाने पहार भिंतीला टेकवली. "तेव्हाही बरोबरच सांगत होतास तू," तो म्हणाला. वर गाणं चालू होतं, काठापलीकडे ते कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. "सभेच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, मी खरं सांगणार. मी हात जोडले तिला. म्हटलं, माझी सगळी कामं जातील. ती म्हणाली, बरं, मी बोलत नाही, पण खोटंही बोलणार नाही. नंतर दर रविवारी घरी आल्यावर विचारायची, सांगितलंस का त्याला? मी म्हणायचो, सांगतो. शनिवारीही विचारलं. कधी नव्हे ते, रविवारच्याही आधी."

हे वाक्य ऐकायला ओळंबा नऊ वर्षं थांबला होता. ऐकल्यावर आपण काय काय बोलायचं ते त्याने भिंती घासताना, विटा भिजवताना, सगळं पाठ करून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही आठवेना. समोरचा माणूस आईच्या कबरीत घामाने निथळत उभा होता.

"घमेलं भरलंय," ओळंबा म्हणाला. "धर दुसरी बाजू."

पाऊण तासात कबर फूटभर वाढली. पेटी सरळ खाली गेली, कुठे घासलीसुद्धा नाही. मुकादमाने पहिली मूठ टाकली. ओळंब्याने रुमाल गुंडाळलेल्या हाताने दुसरी टाकली, आणि त्याला कुणी अडवलं नाही. निघताना तो सुतारकाकांपाशी गेला. काका उलट त्याचीच समजूत घालू लागले, "अरे, होतं कधी कधी," आणि त्याला आणखीनच लाज वाटली.

रविवारी चर्च भरलं होतं. पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या: पाण्याचा टँकर कधी येणार, आजारी कोण आहे. मग ते म्हणाले, "आपल्यातल्या एका भावाला मंडळीपुढे काही सांगायचं आहे." मुकादम उभा राहिला.

एक म्हातारा खोकत होता, तो थांबला. मुकादमाने पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. "नऊ वर्षांपूर्वी," तो म्हणाला, आणि गप्प झाला. घसा खाकरला. "नऊ वर्षांपूर्वी याच ठिकाणी..." पुढे शब्दच येईना. मानेवरची शीर फुगली, कान लाल झाले. बायकोने खालून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. पाळकसाहेब थांबून राहिले. ते थांबले ते बरोबरच होतं; असं काम दुसऱ्याने करून चालत नाही.

ओळंब्याला मनापासून हवं होतं ते. तो काही संत नव्हता. जिथे त्याला खोटारडा म्हटलं गेलं तिथेच, तेवढ्याच लोकांसमोर, ते पुसलं जावं, यासाठी तो नऊ वर्षं एकेक शब्द मोजून बोलत आला होता. आता फक्त बसून राहायचं होतं, अर्धा मिनिट, फार तर एक. मुकादमाने कसंबसं म्हटलंच असतं. पण बाकाच्या पाठीवर ती बोटं पांढरी पडलेली त्याला दिसत होती, आणि तोंड उघडत नाही म्हणजे काय ते त्याला आता आतून माहीत होतं. त्याला ते बघवेना. तो उठला.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "याला जे सांगायचंय ते माझ्याशी बोलून झालंय. मंगळवारी, कबरीत. तुमचं तिसरं गीत चालू होतं, दुसरं कडवं. माझं समाधान झालंय. पुढचं गीत घ्या."

मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग दोघं-तिघं हसले. पाळकसाहेबांनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि गीताचा क्रमांक सांगितला. मंडळी उभी राहिली. मुकादम मात्र खाली बसला आणि चेहरा ओंजळीत धरला, आणि गाणं संपेपर्यंत तसाच बसून होता.

घरी जाताना ऊन तापलं होतं. बायको दोन पावलं पुढे चालत होती. राग आला की ती पुढे चालते.

"नऊ वर्षं वाट बघितलीत," ती मागे न बघता म्हणाली. "आणि दारात आलं तर परत पाठवलंत."

"त्याची आई जाऊन पाच दिवस झालेत."

"ते खरं. पण निम्म्या लोकांना काय कळलं त्यातून? ते तुम्हालाच खोटं समजत राहतील."

"समजू देत. तुला तर खरं माहीत आहे."

"मला?" ती थांबली आणि वळली. "मला कुठून माहीत असणार? मी होते का त्या चरापाशी? मी माहेरी होते तेव्हा, बहिणीच्या बाळंतपणाला."

"मग इतकी वर्षं तू..."

"इतकी वर्षं काय? तुम्ही सांगितलंत, मी विश्वास ठेवला. त्याला माहीत कशाला असावं लागतं?"

तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून मंडळी येत होती, रविवारचे कपडे, हातात गीतांची पुस्तकं, आणि सगळ्यांच्या मागे एकटाच मुकादम. ओळंब्याला रडू आलं, भर रस्त्यात, भर उन्हात, आणि ते आवरावं असं त्याला वाटलं नाही. बायकोचा राग कुठल्या कुठे गेला. ती जवळ आली.

"डोळे पुसा," ती हळूच म्हणाली. "लोक येतायत."

"येऊ देत," तो म्हणाला, आणि मुकादम गाठेपर्यंत तिथेच थांबला.